नशीब, मरण, पाऊस अशा हाताबाहेरच्या गोष्टी गाण्यात कशा मांडतात?

चांगलं गाणं नशिबावर प्रवचन देत नाही, डोळ्यांपुढे एक चित्र ठेवतं. 'गीतरामायण'च घ्या (पुणे आकाशवाणी, १९५५-५६). त्यात राम भरताला समजावतो, दोष ना कैकेयीचा ना दशरथाचा. मग समुद्रात भेटलेले दोन ओंडके येतात, एका लाटेनं दुरावणारे. ही उपमा मूळ वाल्मीकींची, पण गदिमांनी ती घराघरात नेली. आमच्या आजीनं समुद्र कधी पाहिला नाही. वर्धेच्या पुरात वाहून जाणारी लाकडं मात्र दर पावसाळ्यात पाहिली होती. रेडिओवर हे कडवं लागलं, की सरकीवरचा तिचा हात थांबायचा. दुबार पेरणीच्या वर्षी तर ती रेडिओच बंद करायची!