एमएससी करून मी बिलं तपासते

थंडीत परदेशातली मंडळी वडोदऱ्याला घरी येतात, बॅचचे मेळावे ठरतात आणि माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांची तीच तक्रार सुरू होते: मैत्रिणी कुठल्या कुठे पोचल्या, माझं शिक्षण मात्र वाया गेलं. येणाऱ्या बहुतेक पस्तिशी-चाळिशीच्या, एमएसमधून, म्हणजे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून, उत्तम मार्कांनी बाहेर पडलेल्या.

अशीच एक. मायक्रोबायोलॉजीत एमएससी, आता अलकापुरीतल्या ऑफिसात मेडिक्लेमच्या फायली तपासते.

"ताई, एवढी वर्षं बॅक्टेरियांत घालवली आणि आता बिलं बघते. आई तर तोंडावर म्हणते, याच्यासाठी शिकवलं का तुला?"

अशा वेळी 'तुलना करू नकोस' सांगायची पद्धत आहे. मी सांगत नाही. तुलना कोणाची सुटलीय? ती निदान धड करावी. म्हणून विचारलं, "बॉस्टनच्या मैत्रिणीच्या पदाचा हेवा वाटतो, की तिच्या दिवसाचा?"

बराच वेळ गप्प. मग, "तिचा दिवस कसा जातो ते मला कुठे माहीत आहे!"

"आणि तुझा?"

"माझा काय, फायली."

तिला एका दिवसाचं काम बारीकसारीक लिहून आणायला सांगितलं. आधी 'मेल, मीटिंग, फायली' एवढंच आलं. मी कागद परत केला. उपदेशाने मन वळतं यावर माझा विश्वास नाही. माणसाने स्वतःचा दिवस नीट पाहिला तर ते आपण होऊन हलतं, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. पुढे एकदा ती सहज बोलून गेली, "एक क्लेम अडवला. युरीन कल्चरचं सँपल सकाळचं आणि सेन्सिटिव्हिटीसकट रिपोर्ट त्याच संध्याकाळचा."

"मग?"

"मग काय! जंतू वाढायलाच रात्र जाते, त्यानंतर कुठलं औषध लागू पडतं ते बघायला आणखी एक दिवस. संध्याकाळी रिपोर्ट येईल कसा?"

"शेजारच्या टेबलावर कोणाला कळलं असतं?"

"छे, ते बेरीज बघतात..." आणि थांबली. मग स्वतःशीच हसली. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता येणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं.

एमएसच्याच नामवंत बायका बघा. पुष्पमाला एन. इथे शिल्पकला शिकल्या. 1990च्या दशकात स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून वेगवेगळी पात्रं साकारू लागल्या. मृणालिनी मुखर्जी पेंटिंग शिकल्या आणि नावाजल्या दोरांना गाठी मारून केलेल्या शिल्पांसाठी. हंसाबेन मेहता तर विद्यापीठ व्हायच्या आधीच्या बडोदा कॉलेजच्या, तत्त्वज्ञानाच्या पदवीधर. पुढे इंग्लंडात पत्रकारिता, मुलांसाठी गुजराती पुस्तकं, संविधान सभा, आणि 1949मध्ये याच विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. मधल्या एखाद्या वर्षी त्यांनाही कोणी विचारलं असेल, तत्त्वज्ञान शिकून हे काय? सत्काराच्या पत्रिकेत ते वर्ष छापत नाहीत.

अर्थात सगळ्यांचं दुखणं असं मावळत नाही. काहींना खरोखरच प्रयोगशाळा हवी असते. त्यांना मी समजावत बसत नाही, परत जा म्हणते. पण फॉर्म भरण्याआधी त्या कामात असलेल्या ओळखीच्या बाईबरोबर एक अख्खा दिवस काढायचा: तिचा कंटाळा, तिचा बॉस, तिचा पगार, सगळं बघायचं. तरीही जावंसं वाटलं तर जा. मग वय आणि घरातल्यांची नाराजी यांचं बघता येतं.

फायली तपासणाऱ्या हिने असा एक दिवस मैत्रिणीच्या औषध कंपनीत काढला. "दिवसभर प्लेटवरच्या जंतूंच्या कॉलनी मोजते हो ती!" सध्या तिने ऑफिसात संशयित क्लेमच्या तपासणीचं काम मागून घेतलंय. आई अजून कुरकुरते. तिला एकदा घेऊन ये म्हटलंय.