छतावरच्या एसीला जनरेटर केवढा हवा?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नुकताच 22 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतला. छतावर 13,500 बीटीयूचा (बीटीयू म्हणजे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) एसी आहे आणि वीजजोडणी 30 अँपिअरची. जूनच्या शेवटी युटा आणि कॉलोराडोत तीन आठवडे फिरायचं ठरवलंय. बरेच मुक्काम वीज नसलेल्या जागी आहेत. माझे 78 वर्षांचे वडील सोबत असतील आणि त्यांना उकाडा अजिबात सोसत नाही. दुकानात 4,000 वॉटचा उघड्या चौकटीचा, म्हणजे इंजिनावर आवरण नसलेला, जनरेटर स्वस्तात मिळतोय. मित्र म्हणतो, 2,200 वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर (इलेक्ट्रॉनिक्समधून वीज देणारा, कमी आवाजाचा) पुरे, त्याचा एसी त्यावरच चालतो. कोणाचं ऐकू?

उत्तर : नमस्कार. तुमच्या मित्राचा एसी त्या जनरेटरवर खरंच चालत असणार, कारण माझाही चालायचा. घराच्या अंगणात, समुद्रसपाटीच्या जवळ, एप्रिल महिन्यात. एसीच्या वायरला क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावून पाहिलं तेव्हा साडेअकरा अँपिअर दिसले होते. 120 व्होल्टने गुणलं की साधारण 1,380 वॉट. तो 2,200 चा जनरेटर सलग 1,800 वॉट देणारा, तेव्हा मी निश्चिंत होते. अकरा वर्षं मोटारी रिवाइंड करण्याचं काम केल्यामुळे सुरुवातीच्या झटक्याचीही, म्हणजे मोटार सुरू होताना क्षणभर ओढते त्या जादा करंटची, मला कल्पना होती, म्हणून तो झटका कमी करणारा सॉफ्ट स्टार्टर एसीत आधीच बसवून घेतला होता.

मग जूनमध्ये आम्ही युटातल्या मोआबला पोचलो. दुपारी पारा 39 अंशांवर होता. एसी सुरू झाला, वीस मिनिटं चालला आणि जनरेटरवरचा ओव्हरलोडचा लाल दिवा लागला. थांबून पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी मीटर लावला तर एसी 14 अँपिअर खात होता, म्हणजे जवळजवळ 1,680 वॉट. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकी कंप्रेसरला उष्णता बाहेर टाकायला जास्त मेहनत पडते, त्याचा करंट वाढतो. एसीची भूक अशी वाढली होती आणि त्याच वेळी जनरेटरचा दम कमी झाला होता. मोआब सुमारे 4,000 फुटांवर आहे. विरळ हवेत पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. चार हजार फुटांना 14 टक्के गेले, 1,800 चे उरले 1,550. त्यातून 1,680 कुठून निघणार?

त्या दुपारी माझ्या सासूबाई आत होत्या. ओले टॉवेल मानेवर ठेवून, ट्रकच्या एसीत बसवून आम्ही कसाबसा सूर्य कलेपर्यंतचा वेळ काढला. म्हणून तुमच्या पत्रातला वडिलांचा उल्लेख वाचल्यावर मला दोन ओळींत उत्तर देववलं नाही.

आधी खोक्यावरचा मोठा आकडा विसरा. 2,200 किंवा 4,000 हा क्षणभराचा कमाल आकडा असतो. तासन्‌तास देता येईल असा आकडा लहान अक्षरांत असतो, आपल्याला तोच हवा. त्यातून उंचीची घट वजा करा. एसीच्या बाजूने त्याच्या पाटीवरचे कंप्रेसरचे आणि पंख्याचे चालू अँपिअर बेरजेला घ्या. पाटी बहुधा छतावरच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली किंवा आत, हवा ओढणाऱ्या जाळीमागे सापडते. त्याच पाटीवर एलआरए हा आकडा असेल. अडकलेल्या, म्हणजे अजून न फिरणाऱ्या मोटारीचा तो करंट. माझ्या पाटीवर तो साठच्या पुढे आहे, आणि या मापाच्या एसीत असाच असतो. गुणाकार केला तर सात हजारांच्या वर व्होल्ट-अँपिअर होतात आणि माणूस घाबरतो. पण ही ओढ सेकंदाच्या अंशापुरती असते आणि त्या क्षणी पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी खरं काम करणारा हिस्सा) फार कमी असतो, त्यामुळे इंजिनावर तेवढे वॉट खरोखर येत नाहीत. साध्या जनरेटरमध्ये फिरणाऱ्या जड भागांची गती तो झटका बराचसा पेलते. इन्व्हर्टर मात्र आपली इलेक्ट्रॉनिक्स वाचवण्यासाठी लगेच हात वर करतो.

इथे सॉफ्ट स्टार्टर कामाला येतो. कंप्रेसरला हळूहळू गती देऊन तो सुरुवातीचा करंट साधारण एक तृतीयांशावर आणतो. मी तो प्रत्येकाला बसवायला सांगते, तुम्हीही बसवा. पण त्याच्याबद्दलचा एक गैरसमज मला वारंवार ऐकू येतो, आणि मोआबला मीही त्याच गैरसमजात फसले होते : सॉफ्ट स्टार्टर फक्त झटका कमी करतो, चालतानाची भूक नाही. एसी सुरू झाला म्हणजे चालत राहील असं नाही. तुमच्या मित्राच्या सल्ल्यात एवढीच उणीव आहे. समुद्रसपाटीवर, बऱ्या हवेत तो बरोबर आहे. तुम्ही जिथे निघालात तिथे नाही.

आता 4,000 वॉटचा उघड्या चौकटीचा जनरेटर. ताकदीच्या बाबतीत त्याला नाव ठेवायला जागा नाही, तुमचा एसी तो सहज उचलेल. अडचण आवाजाची. 60 हर्ट्झ वीज देण्यासाठी असं इंजिन मिनिटाला 3,600 फेऱ्यांवर सतत फिरत राहतं, भार असो वा नसो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत 50 फुटांवरून मोजल्यास 60 डेसिबलच्या वर जाणारं यंत्र चालवायला बंदी आहे, आणि उघड्या चौकटीचे बरेच जनरेटर या मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे असतात. नियम बाजूला ठेवला तरी, तुमच्या शेजारी तंबूत झोपवलेलं तान्हं बाळ असू शकतं.

माझा कौल असा. सलग 1,800 वॉट देणारे दोन सारखे इन्व्हर्टर जनरेटर घ्या, ते जोडायची समांतर केबल घ्या आणि सॉफ्ट स्टार्टर बसवा. मोआबच्या उंचीवर जोडीचे मिळून 3,100 वॉट हाती राहतात. त्यात एसी आणि बॅटरी चार्जर दोन्ही मावतात. सलग 2,800 वॉटचा एकच मोठा घेतला तरी तिथे 2,400 उरतात, तेही पुरेसं आहे. पण तसले चाकाचे जनरेटर साधारण चाळीस ते साठ किलोचे असतात आणि ट्रकमध्ये चढवायला दोन माणसं लागतात. लहान जनरेटर वीस-बावीस किलोचा, एका हातात येतो. सकाळी फक्त चहाचं पाणी आणि बॅटरी एवढंच असेल तेव्हा एकच लावायचा. शिवाय एक बिघडला तर तुम्ही पूर्ण अंधारात नसता, आणि वडील सोबत असताना मला या गोष्टीचं मोल फार वाटतं.

कॉलोराडोत 9,000 फुटांवर गेलात तर 30 टक्क्यांहून जास्त ताकद जाईल. सुदैवाने तेवढ्या उंचीवर एसीची गरज क्वचितच पडते. उंचीसाठी कार्ब्युरेटरचा वेगळा जेट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा बारीक छिद्राचा भाग) मिळतो. तो मिश्रण सुधारतो, इंजिन नीट चालतं, पण विरळ हवेमुळे गेलेली ताकद परत येत नाही. आणि खाली उतरल्यावर मूळ जेट परत बसवावा लागतो.

एसी चालू असताना बाकीचा भार कमी ठेवा. पाणी तापवायचा विजेचा घटक एकटाच 1,400 वॉटच्या आसपास खातो, मायक्रोवेव्हही जवळपास तेवढंच. पाणी आणि फ्रिज गॅसवर टाका. जनरेटरची इको सोय (भार कमी असताना इंजिन मंद ठेवणारी) एसी लावण्यापूर्वी बंद करा, नाहीतर मंद फिरणाऱ्या इंजिनावर अचानक भार येतो. आधी एसीचा नुसता पंखा लावा, मिनिटभराने कूलिंग चालू करा. आणि कंप्रेसर बंद पडला तर लगेच पुन्हा लावू नका. आतला दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी लावलेली मोटार दाबाविरुद्ध अडकून उभी राहते, आणि अशा जळलेल्या मोटारी मी टेबलावर खूप उघडल्या आहेत, काळ्या पडलेल्या वेटोळ्यांचा तो वास अजून आठवतो. सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर ट्रेलरमध्ये कायम असू द्या. एसी चालू असताना आकडा 104 च्या खाली जाऊ लागला तर एसी बंद करा.

रात्रीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. राष्ट्रीय उद्यानांत रात्री 10 ते सकाळी 6 ही शांततेची वेळ असते, आणि ट्रेलर लावायच्या बहुतेक तळांवर जनरेटरचे तास त्याहूनही आखडते, सकाळ-संध्याकाळ थोडेसेच असतात. म्हणजे कितीही चांगला जनरेटर घेतलात तरी वडिलांना रात्रभर एसी मिळणार नाही. युटातल्या सखल, तापलेल्या भागातले मुक्काम वीजजोडणी असलेल्या तळांवर बदलून घ्या, आणि वीज नसलेले मुक्काम उंचावर ठेवा, जिथे रात्र आपोआप थंड असते. दुपारी एसी चालवायचा तेव्हा छताच्या झडपांना उशा लावा, पश्चिमेच्या खिडक्यांना चकचकीत फॉइलचे पडदे लावा. आमच्या ट्रेलरमध्ये एवढ्यानेच कंप्रेसरला अधूनमधून उसंत मिळू लागली.

धुराबद्दल मला कळकळीने सांगायचंय. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. एकदा आम्ही जनरेटर खिडकीपासून आठ-नऊ फुटांवर ठेवला होता, वारा दुसरीकडे जात होता. संध्याकाळी वारा फिरला आणि पलंगाशेजारचा या वायूचा अलार्म किंचाळला. मला नुसतं डोकं जड झाल्यासारखं वाटत होतं, उन्हाने असेल म्हणून मी पडून होते. अलार्म नसता तर मी झोपी गेले असते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची सूचना किमान 20 फुटांची आहे, धुरांडं माणसांपासून उलट दिशेला. तुमच्या ट्रेलरची 25 फुटी जाड केबल नेमकी यासाठी उपयोगी पडते, बारीक घरगुती एक्स्टेन्शन वापरू नका. शेजाऱ्याचा ट्रेलर कुठे आहे तेही पाहा. पाऊस आला म्हणून जनरेटर छत्रीखाली, दाराजवळ किंवा ट्रकच्या झाकलेल्या हौद्यात आणू नका, बंद करा. निघण्यापूर्वी अलार्म दाबून पाहा आणि त्याच्या पाठीवर छापलेली मुदत वाचा. त्या अलार्मचं आयुष्य ठरलेलं असतं, दिवा लागतो म्हणून तो जिवंत आहे असं समजू नका.

---

प्रश्न : ट्रेलरचा सर्ज प्रोटेक्टर (येणारी वीज तपासून, सदोष असेल तर अडवणारं यंत्र) तळावरच्या विजेवर नीट चालतो, पण इन्व्हर्टर जनरेटरला जोडला की अर्थिंग नसल्याची खूण दाखवून वीज आत सोडतच नाही. जनरेटर खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. बऱ्याच लहान इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आत जोडलेले नसतात, आणि प्रोटेक्टर नेमकी तीच जोडणी शोधत असतो. न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा तयार प्लग मिळतो, तो जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये लावायचा. दोन जनरेटर जोडलेले असले तरी प्लग एकच. पण आधी पुस्तिकेत पाहा, काही जनरेटरमध्ये ही जोडणी आतच केलेली असते. आणि हा प्लग तळाच्या किंवा घराच्या विजेवर कधीही लावू नका, तिथे ही जोडणी मुख्य पॅनेलमध्ये आधीच असते. आम्ही तो जनरेटरच्या कडीलाच दोरीने बांधून ठेवला आहे, म्हणजे दुसरीकडे जायचा प्रश्न नाही.

---

प्रश्न : पेट्रोल आणि प्रोपेन दोन्हींवर चालणारा 2,800 वॉटचा जनरेटर पाहिला. सिलिंडर ट्रेलरवर असतोच, मग पेट्रोलचे कॅन कशाला वाहायचे?

उत्तर : मला ही सोय आवडते. पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरतं. वर्षातून दोनदाच जनरेटर काढणाऱ्यांचं यंत्र बहुतेक वेळा याच कारणाने सुरू होत नाही. प्रोपेन वर्षानुवर्षं तसाच राहतो. फक्त त्यावर ताकद साधारण दहा टक्के कमी मिळते, आणि पाटीवरचा आकडा बहुधा पेट्रोलचा असतो. दोन्ही आकडे छापलेले असतील तर प्रोपेनचा धरा. 2,800 सलग असतील तर प्रोपेनवर 2,520, आणि वरच्या उत्तरातल्या 4,000 फुटांवर सुमारे 2,170. तेवढ्यात 13,500 बीटीयूचा एसी चालेल, बॅटरी चार्जरही कसाबसा चालेल, मायक्रोवेव्ह मात्र एसी बंद करूनच लावावा लागेल.