बाई, पालक सभेला कुणी येतच नाही

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. मुलं बहुतेक शेतमजुरांची. पालक सभेला चारपाच आया येतात, मागे बसतात, सही करून निघून जातात. वर्गात आम्ही काय शिकवतो ते घरी पोचतच नाही. उलट घरी कुणीतरी वजाबाकी वेगळ्याच रीतीनं सांगतं आणि मूल गोंधळतं. पालकांना शिकण्यात कसं सामील करून घेऊ?

उत्तर : बाई, आधी मला सांगा, तुमची सभा किती वाजता असते? दुपारी दोनला असेल तर माझं निम्मं उत्तर इथेच संपलं. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे उन्हाळ कांद्याची लागवड जोरात असते. बायकांच्या टोळीनं काम उक्तं घेतलेलं असतं. मधेच एक उठली की बाकीच्यांचा खोळंबा. सभा संध्याकाळी सातला घ्या, आणि शाळेतच हवी असंही नाही. मजूर वस्तीजवळच्या देवळाचा ओटा चालेल.

दुसरं, सभेत असतं काय? आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी केंद्रप्रमुख होते तेव्हा अशा सभांना मी खूप बसले आहे. प्रास्ताविक, आधार कार्ड, बँकेचं खातं, गणवेशाचं माप आणि शेवटी ‘मुलांकडे लक्ष द्या’. लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) कलम २४ खाली शिक्षकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलंय, की पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगायची. शाळा व्यवस्थापन समितीतही तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. कागद भक्कम आहे हो. पण समितीची बैठक संरक्षक भिंत आणि पाण्याच्या टाकीपाशीच संपते. ‘५२ वजा २८’ हा विषय तिच्यापुढे कधी येतच नाही.

तुम्ही तो आणा. पुढच्या सभेत भाषण नको, एकच गणित ठेवा, आणि ते तुम्ही नाही, मुलांनी करून दाखवायचं. खराट्याच्या काड्या दहा-दहा मोजून रबर लावलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या सतरंजीवर मांडायच्या. २८ काढायच्यात, पण सुट्या तर दोनच. मग मूल एका गठ्ठ्याचं रबर सोडतं. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. त्यातून दोन गठ्ठे आणि आठ सुट्या उचलल्या की उरल्या २४. घरी दादा जे म्हणतो, ‘दोनातून आठ जात नाहीत, शेजारून एक उसना घे’, तो उसना म्हणजे हाच सुटलेला गठ्ठा. तो एक नसतो, दहा असतात. हे आईनं आणि दादानं डोळ्यांनी पाहिलं की घरची रीत आणि शाळेची रीत भांडत नाहीत. दादाला चूक ठरवू नका. त्याला सभेला बोलवा, आईपेक्षा त्याचीच गरज जास्त आहे.

निरोप धाडताना एक करा. ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकू नका, आवाजात बोलून पाठवा. ‘आज आम्ही काड्यांची वजाबाकी केली, घरी करून दाखवायला सांगा’, एवढंच. रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. रोजच्या निरोपांचं काय होतं ते सुप्रभातच्या फुलांना विचारा.

आणि वडील? ते सभेला येणार नाहीत, हे धरून चाला. पण ज्यांचा स्वतःचा माल बाजार समितीत जातो, त्यांच्या खिशात विक्रीच्या हिशेबाची पट्टी असते. वजन, भाव, वजावट, हाती आलेली रक्कम, सगळं तिच्यावर असतं. मुलांना एखादी जुनी पट्टी आणायला सांगा. आकडे तिसरीसाठी मोठे असतात, तेव्हा पुरती वजाबाकी नका करवू, नुसते वाचून घ्या. मात्र कुणाच्या घरी किती पैसे आले याची वर्गात चर्चा होणार नाही हे पाहा. नावं झाकूनच फळ्यावर घ्या.

प्रश्न : मला लिहायवाचायला येत नाही, हे पत्र शेजारच्या मुलीनं लिहून दिलंय. मुलगा दुसरीत आहे. त्याचा अभ्यास मी कसा घेऊ?

उत्तर : ताई, अभ्यास घेऊच नका, ऐका. भाकरी थापताना त्याला शेजारी बसवून धडा मोठ्यानं वाचायला लावा. कुठे अडखळला ते कानाला कळतं, त्यासाठी अक्षरओळख लागत नाही. वाचून झालं की पुस्तक मिटायला सांगून विचारा, ‘काय झालं रे त्यात?’ त्यानं गोष्ट सांगितली तर त्याला समजलंय. नुसताच गप्प बसला तर त्या पानाचा कोपरा दुमडून पुस्तक शाळेत पाठवा आणि त्याच्या बाईंना आधी सांगून ठेवा, की दुमडलेलं पान म्हणजे इथे अडलंय.