पहिला गेम: आधी कागद, कोड नंतर

पहिलाच गेम खोडदच्या जीएमआरटीवर, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या अनेक अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीवर, करायची तुमची कल्पना झकास आहे. फक्त कोड लिहिण्याआधी तो कागदी पत्त्यांवर खेळून बघा. आणि ४५ मीटर व्यासाच्या तीसही अँटेना पहिल्याच दिवशी पटावर मांडू नका. एकच ओढाताण उचला: अँटेना एकमेकींपासून जितक्या दूर, तितकं चित्र बारकाईचं; पसरट, अंधूक गोष्टी मात्र जवळजवळच्या अँटेनाच टिपतात. म्हणून तिथे १४ मध्यभागी आहेत आणि १६ लांब पसरलेल्या तीन बाहूंवर. खेळाडूला हीच निवड करायला लावा.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डशीट आणा, ४० पत्ते कापा, पेन्सिलीनेच लिहा. रंगवलेला पत्ता फेकवत नाही, आणि सुरुवातीला पत्ते फेकावेच लागतात. पत्त्यांवर कॉमिक्स काढायची हौस असेल तर तूर्त आवरा. पत्त्यावर दोन ओळींपलीकडे कुणी वाचत नाही.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- दोन फाशांत ७ येण्याचे ३६ पैकी ६ मार्ग, १२ चा एकच. मोठं बक्षीस १२ वर ठेवलं की खेळ रखडतो.
- एका वेळी तीन नियम बदलणं. मग नेमकं काय सुधारलं ते कळत नाही.
- चाचणीत मध्येच समजावणं. गप्प बसा (पुण्यात अवघड आहे, तरी बसा) आणि खेळाडू कुठे अडतो तेवढं टिपा.