नमुना अणुभट्टीत पाठवण्याआधी

न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणात नमुन्यावर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करतात आणि त्यातून किरणोत्सारी झालेली मूलद्रव्यं त्यांच्या गॅमा किरणांवरून ओळखतात. मीठ, केस, माती, काहीही तपासायचं असो, आधी घड्याळाचा विचार कर. न्यूट्रॉनांच्या माऱ्यातून तयार होणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम-२८ चं अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा वेळ) जेमतेम २.२ मिनिटं. नमुना बाहेर येताच मोजणी सुरू झाली नाही, तर ते हातचं गेलंच म्हणून समज. सोडियम-२४ चं मात्र १५ तास, आणि त्याच्या गॅमा किरणांच्या गोंगाटात बाकीच्या मूलद्रव्यांची शिखरं (गॅमा किरणांच्या आलेखातले उंचवटे) बुडून जातात. मिठात तर फारच. म्हणून तोच नमुना दोन-तीन आठवडे पडून राहू दे, मग पुन्हा मोज. लोह, जस्त, कोबाल्ट तेव्हा कुठे नीट दिसतात. उघड्या हातांनी काही धरू नकोस, घामातलं सोडियमही नोंदलं जातं. रिकामी कुपीही सोबत पाठव, म्हणजे कुपीतून आलेलं वजा करता येईल. शिसं शोधायचं असेल तर ही पद्धत सोडच.