ब्रिजमध्ये नवख्या जोडीने आधी कोणती कन्व्हेन्शन्स घ्यावीत?

तुम्ही निपाणीत मित्राबरोबर नुकतेच ब्रिज खेळायला लागलात आणि कन्व्हेन्शन्सची, म्हणजे भिडूबरोबर आधीच ठरवलेल्या खास अर्थाच्या बोल्यांची, यादी संपत नाही, सुरुवात कुठून करू, असं विचारलंय. मी बेळगावात बरीच वर्षं खेळतोय. माझं म्हणणं ठाम आहे: कन्व्हेन्शनने काय मिळतं याच्या आधी काय जातं ते बघा. एक किल्वर ते सात बिनहुकूम अशा एकूण 35 च बोल्या आहेत. एखादीला ठरवून वेगळा अर्थ दिला की तिचा साधा अर्थ गेला.

या हिशेबात स्टेमन पहिलं. भिडूने 15 ते 17 गुणांवर (एक्का, राजा अशा मोठ्या पानांचे गुण मोजतात) एक बिनहुकूम म्हटलं की तुमचं दोन किल्वर विचारतं, बदाम किंवा इस्पिकची चार पानं आहेत का? गेलं काय? दोन किल्वरवर थांबणं, आणि तिथे विरोधक तसेही क्वचितच थांबू देतात. मिळतं ते मोठं. दोघांकडे चार-चार हुकूम असले की एकाने मारला तरी दुसऱ्याचे चार शिल्लक, म्हणून बिनहुकूमपेक्षा बहुधा एक हात जास्त होतो.

लगेच ट्रान्सफर घ्या: दोन चौकट म्हणजे पाच बदाम, दोन बदाम म्हणजे पाच इस्पिक. भिडू मग तोच रंग बोलतो आणि डावही तोच खेळतो, म्हणून त्याची तगडी पानं झाकलेली राहतात आणि तुम्हाला आणखी एकदा बोलायला मिळतं.

तिसरा निगेटिव्ह डबल: विरोधकाच्या बोलीवर ‘डबल’ म्हणून दंड नव्हे, तर न बोललेला रंग आपल्याकडे आहे असं सांगणं. भिडू एक चौकट, विरोधक एक इस्पिक, तुमच्याकडे चार बदाम आणि आठ गुण. डबल नसेल तर बदाम सांगणार कसे? हा प्रसंग वारंवार येतो.

ब्लॅकवूड, म्हणजे चार बिनहुकूम म्हणून भिडूला एक्के विचारणं, सगळ्यांना आधी हवं असतं, पण स्लॅमचे, म्हणजे 13 पैकी 12 किंवा सगळे हात करायचे, डाव कमी. शिवाय किल्वर हुकूम असताना चार बिनहुकूम विचारलंत आणि भिडूने एक एक्का म्हणून पाच चौकट सांगितलं, तर पाच किल्वरवर थांबायची वाट बंद! ते सावकाश घ्या.

माझा भिडू गोकाकचा, घरी कन्नड बोलणारा. आम्ही प्रत्येक कन्व्हेन्शन वहीत लिहितो, आणि विरोधक मध्येच बोलला तर ते चालू की बंद, हेही. तुमच्या दोन किल्वरला डबल मिळाला तर भिडूने काय बोलायचं, हे आजच ठरवा. आणि विरोधकांनी अर्थ विचारला तर पूर्ण सांगा, ब्रिजमध्ये गुप्त खुणा चालत नाहीत.