लर्न्ट की लर्न्ड? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठवीत आहे, इंग्रजीच्या चाचणीत तिने 'लर्न'चा भूतकाळ 'लर्न्ट' लिहिला तर सरांनी लाल पेनाने खोडून 'लर्न्ड' केलं आणि अर्धा मार्क कापला. बरोबर कोण?
(एक पालक, भुसावळ)

उत्तर : दोघंही बरोबर आहेत हो, अर्धा मार्क मात्र उगाच गेला. ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात, अमेरिकेत लर्न्डच जास्त, फक्त एका पेपरात एकच धरा. बर्न्ट-बर्न्डचंही तसंच, पण चुलीवर वांगं जास्तच जळून भरीत कडू झालं तर त्याला अमेरिकावालेही 'बर्न्ट'च म्हणतील, कारण तिथे ते विशेषण झालं ना! 'हँग'ला मात्र जपा, कपडे दोरीवर 'हंग', पण माणसाला फाशी दिली तर 'हँग्ड'.

आता हे असं का, तर जी क्रियापदं रोज तोंडात असतात तीच वाकडी टिकून राहतात, कमी वापरातली हळूहळू 'एड' लावून सरळ होतात. 'हेल्प'चा भूतकाळ एकेकाळी 'होल्प' होता, गेला. उलटंही होतं बरं का, 'स्नीक'चं (म्हणजे चोरपावलांनी जाणे) 'स्नीक्ड' चांगलं चालू असताना अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात 'स्नक' निघालं आणि त्यावरून लोक अजून भांडतात. आपलं तरी काय, बसलो, उठलो आणि जाणेचं एकदम गेलो! लहान पोरं 'मी करलं' म्हणतात तेव्हा आपण हसतो, पण नियम त्यांनीच पाळलेला असतो.

सरांना डिक्शनरी उघडून दाखवा, पण वर्गात सगळ्यांसमोर नको.